पडद्याविना व्हायोलिन

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स या संगीत महोत्सवाच्या दिवसांत सर्वांत स्वस्त तिकीट उभ्याने ऐकायचं असतं, आणि मंचाच्या सर्वांत जवळ तेच नेऊन सोडतं. दुपारपासून रांग धरली तर कठड्याला हात टेकता येतो. व्हायोलिनवाल्यांच्या गजाला लावलेल्या राळेची धूळ दिव्याच्या झोतात तरंगताना दिसते, इतकं अंतर कमी. मी तिथे उभी होते ती एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड या संगीतकाराच्या व्हायोलिन कॉन्सर्टोसाठी, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेसाठी. हॉलिवूडच्या चित्रपटांतल्या आपल्याच चाली उचलून त्याने हे संगीत रचलं आहे. चित्रपट मात्र त्या संध्याकाळी कुठेच नव्हता.

आधी ओबो वाजतो. एकच स्वर, सेकंदाला 440 कंपनांच्या आसपासचा. आपल्या पेटीवरची पांढरी सहा. सगळा वाद्यवृंद त्या स्वराला येऊन मिळतो. तानपुरे जुळवले जात असताना आपल्याकडच्या मैफलीत जी शांतता पसरते, तीच इथेही पसरते.

मोठ्या वाद्यवृंदात साधारण साठ तंतुवादक असतात: पहिल्या व्हायोलिनचे सोळा, दुसऱ्याचे चौदा, मग व्हियोला, चेलो, डबल बास. दोघांत एक स्टँड. पान उलटायचं काम आतल्या बाजूला बसलेल्याचं. तेवढा क्षण तो वाजवायचं थांबतो आणि शेजारी एकटा ओळ सांभाळतो. गज वर जाणार की खाली, हे पहिल्या रांगेतला लीडर तालमीत ठरवतो आणि बाकीचे पेन्सिलीने खुणा करून घेतात. सोळा गज एकाच दिशेने सरकतात ते दिसायला छान म्हणून नाही. गज खाली ओढताना हाताचं वजन तारेवर येतं, वर नेताना ते कमी होतं. दिशा बदलली की स्वराचा भारही बदलतो. चित्रपटात हे सगळं कानावर पडतं, पण तिथे डोळे नायिकेच्या चेहऱ्यावर खिळलेले असतात.

कोर्नगोल्डचा जन्म 1897 चा, ब्रनोचा. व्हिएन्नात तो बालवयातच गाजला. 1934 मध्ये दिग्दर्शक माक्स राइनहार्टने त्याला हॉलिवूडला बोलावलं. 1938 च्या सुरुवातीला तो ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’च्या कामासाठी पुन्हा अमेरिकेत गेला आणि मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. कोर्नगोल्ड ज्यू होता. या चित्रपटाने आपला जीव वाचवला, असं तो पुढे सांगत असे. त्याच चित्रपटाने त्याला ऑस्करही मिळवून दिलं. हिटलर असेपर्यंत मैफलीसाठी काही लिहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, म्हणून हा कॉन्सर्टो 1945 चा. 15 फेब्रुवारी 1947 रोजी सेंट लुइस इथे तो पहिल्यांदा वाजला. वादक होता याशा हायफेट्झ.

या कॉन्सर्टोत वाद्यवृंदाची लांबलचक प्रस्तावना नाही. व्हायोलिन थेट सुरू होतं आणि पहिल्या पाच स्वरांतच दोन सप्तकं चढून जातं. ही चाल 1937 च्या ‘अनदर डॉन’ची. त्याच भागात पुढे ‘हुआरेझ’ची चाल येते, दुसऱ्या संथ भागात ‘अँथनी अॅडव्हर्स’ची, आणि शेवटचा धावता भाग ‘द प्रिन्स अँड द पॉपर’च्या चालीवर उभा आहे. हे चित्रपट आज फारसं कोणी पाहत नाही. मीही कॉन्सर्टो आधी ऐकला आणि चित्रपटांची नावं नंतर वाचली. चाली मात्र ताठ उभ्या आहेत.

चित्रपटातलं संगीत आणि सभागृहातलं संगीत यांत खरा फरक तोलाचा आहे. स्टुडिओत एकल व्हायोलिनसमोर वेगळा मायक्रोफोन लावता येतो. मागचे साठ जण कितीही जोरात वाजवोत, मिश्रण करणारा ध्वनिमुद्रक एकट्याला वर उचलतो. सभागृहात ती सोय नाही. एक लाकडी पेटी आणि चार तारा, समोर हजारो माणसं आणि पाठीमागे पूर्ण वाद्यवृंद. संगीतकारालाच कागदावर वाट मोकळी करून ठेवावी लागते. कोर्नगोल्ड ती करतो. व्हायोलिन खालच्या पट्टीत असेल तर पितळी वाद्यांना गप्प बसवतो. मागे हार्प, सेलेस्टा, व्हायब्राफोन यांचे थेंब सोडतो. आणि वाद्यवृंद भरून आला की व्हायोलिनला वरच्या तारेवर पाठवतो, जिथला स्वर कान लगेच पकडतात. दुसऱ्या भागात हे मला पहिल्यांदा नीट दिसलं. एकल वादिकेचं डोकं वाद्यावर कललेलं, मागे चाळीस जण जवळजवळ न वाजवल्यासारखे वाजवत होते, आणि सर्वांत कठीण काम त्यांचंच होतं.

दुसरा फरक वेळेचा. चित्रपटासाठी वाजवताना दृश्याची लांबी ठरलेली असते आणि वादकांच्या कानात अनेकदा तालाची टकटक चालू असते. इथे वादिका एखाद्या स्वरावर थांबते आणि कंडक्टर तिची वाट पाहतो. गायकासाठी तबलजी थांबावा तसा.

कोर्नगोल्डने या रचनेबद्दल म्हटलं होतं की ती व्हायोलिनवादक पागानिनीपेक्षा गायक कारुसोसाठी जास्त आहे. म्हणजे बोटांच्या कसरतीपेक्षा गळ्यासाठी. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरची एक ध्वनिमुद्रिका आठवली. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’. ज्यांच्या व्हायोलिनची साथ सुधीर फडक्यांच्या ‘गीतरामायणा’ला होती, तेच जोग. त्या वादनात शब्द नसतात, तरी ऐकणारा ओठांत शब्द पुटपुटत राहतो. मींड, श्वासाची जागा, शब्द संपताना पडणारा आवाज, सगळं गजातून. व्हिएन्नाचा कोर्नगोल्ड आणि पुण्याचे जोग यांची गाठ पडली नाही, पण चित्रपटातलं व्हायोलिन गळ्याच्या जवळ जातं तेव्हाच मनात उतरतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. संगीतकार जॉन विल्यम्सने ‘शिंडलर्स लिस्ट’साठी 1993 मध्ये व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमनकडून जे वाजवून घेतलं त्यातही हेच आहे. ब्रिटनमधल्या कार्यक्रमांत ते हमखास येतं आणि अनेकदा वाद्यवृंदाचा लीडरच उभा राहून ते वाजवतो. चाल इतकी साधी आहे की एक सैल स्वरही झाकता येत नाही.

याच अल्बर्ट हॉलमध्ये लता मंगेशकर 1974 मध्ये गायल्या होत्या. 28 जुलै 2023 रोजी प्रॉम्समध्ये त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. गायिका पलक मुच्छल, साथीला सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिंफनी ऑर्केस्ट्रा. मुंबईच्या स्टुडिओंत जन्मलेलं व्हायोलिनचं ते भरलेपण एका ब्रिटिश वाद्यवृंदाच्या हातून इथे घुमलं.

ते भरलेपण मुळात कोणाच्या हातचं? बरंचसं गोव्याच्या माणसांचं. चर्चमध्ये पाश्चात्त्य नोटेशन शिकून मुंबईत आलेले हे वादक. शंकर-जयकिशनकडे वृंदसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गोन्साल्विसांचं नाव आलं ते या शिष्याने वाहिलेला मान म्हणून. या गोन्साल्विसांनी 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादक जमवून भारतीय रागांवर बेतलेलं वाद्यवृंदाचं संगीत सादर केलं होतं. लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. म्हणजे चित्रपटातल्या व्हायोलिनला पडद्याबाहेर आणून लोकांसमोर बसवायची ओढ आपल्याकडेही होती. ती पुढे टिकायला हवी होती, असं मला कळकळीने वाटतं. रेकॉर्डिंगसाठी लिहिलेल्या पानांपैकी बहुतेक जपली गेली नाहीत, आणि तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं आली. व्हायोलिनच्या रांगांची आली नाहीत.

कॉन्सर्टो संपला तेव्हा वादिकेचा गज हवेतच होता आणि तो खाली येण्याआधी टाळ्या सुरू झाल्या. कंडक्टरने एकेका विभागाला उभं केलं. मध्यंतरात मी जमिनीवर बसून कार्यक्रमपत्रिका उघडली. शेवटच्या पानावर वाद्यवृंदातल्या प्रत्येकाचं नाव छापलेलं असतं. लीडरचं सर्वांत वर, मग पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, अगदी मागच्या स्टँडवर आत बसून पान उलटणाऱ्यापर्यंत. मी ती सगळी नावं वाचली.