समजून घ्या : छोट्या चित्रांची भिंत कशी जमवाल?

घर बदलले, की एक खोके हमखास न उघडता पलंगाखाली जाते. मुलीने पहिलीत काढलेले चित्र, डहाणूहून आणलेली वारली, आजोबांचे जलरंगातले निसर्गचित्र अशा लहान लहान फ्रेम त्यात असतात. मोठ्या भिंतीवर एकच लावली, तर ती हरवून जाते. म्हणून त्या एकत्र लावायच्या. पण घाई केली तर भिंतीची चाळण होते आणि चुकीच्या जागी टांगलेले अस्सल चित्र कायमचे खराब होऊ शकते.

ही पद्धत नवी आहे का?

नाही. १८व्या शतकात पॅरिसच्या लूव्रमध्ये ‘सलाँ’ नावाची प्रदर्शने भरत. तिथे चित्रे पार छतापर्यंत खेटून लावलेली असत. आपल्याकडे राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देवादिकांच्या छापील तसबिरी घरोघरी पोहोचल्या. जुन्या घरांत त्या दाराच्या वर, किंचित पुढे झुकवून रांगेने टांगत.

कोणती भिंत निवडावी?

सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. थेट ऊन येणारी, न्हाणीघराला लागून असलेली किंवा पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत टाळा. उन्हाने जलरंग आणि स्केचपेनचे रंग उडतात, ते परत येत नाहीत. ओलीमुळे कागदावर बुरशीचे डाग पडतात. दुसरी भिंतच नसेल, तर रंगीत प्रत लावा आणि मूळ चित्र कोरड्या जागी जपून ठेवा. काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट हवा. तो आम्लविरहित मागून घ्या. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणे लावली, की हवा खेळती राहते.

चित्रे कशी निवडावीत?

सुरुवातीला पाच ते नऊ पुरेत. विषय वेगळे असले तरी चालतील, पण एक धागा समान हवा : फ्रेमचा रंग, माउंटचा रंग किंवा चित्रांत पुन्हा पुन्हा येणारी एखादी छटा. सर्वांत मोठे किंवा गडद चित्र आधी ठरवा. ते मध्यापासून थोडे बाजूला ठेवून बाकीची त्याभोवती बसवा.

अंतर किती, उंची किती?

सगळा समूह म्हणजे एकच मोठे चित्र, असे समजा. त्या समूहाचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या आसपास येऊ द्या. दोन फ्रेममध्ये दोन ते तीन इंच अंतर ठेवा. सोफ्याच्या वर लावणार असाल, तर पाठीपासून सहा ते आठ इंच जागा सोडा. तिथे मध्य थोडा वरखाली झाला तरी हरकत नाही. समूहाची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश असावी. सहा फुटी सोफा असेल, तर सुमारे ४८ इंच. १० इंच रुंदीच्या चार फ्रेम आणि मधली दोन-दोन इंचांची तीन अंतरे मिळून ४६ इंच होतात.

खिळा नेमका कुठे?

आधी फ्रेम जमिनीवर मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. मग प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून भिंतीला चिकटपट्टीने लावा. फ्रेममागची दोरी खिळ्यावर असल्यासारखी बोटाने वर ताणा आणि वरच्या कडेपासून तिथपर्यंतचे अंतर मोजा. तुकड्यावर तेवढ्याच अंतरावर फुली मारा. खिळा फुलीवर ठोका, कागद नंतर फाडा.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका. आत वायर असू शकते. काँक्रीटच्या भिंतीत खिळा वाकतो. तिथे ड्रिल, प्लॅस्टिकची गिट्टी आणि स्क्रू लागतात. भाड्याच्या घरात घरमालकाला आधी विचारा. परवानगी नसेल, तर अरुंद फळीवर किंवा कपाटावर फ्रेम टेकवून ठेवता येतात.

आणि एक बाजू मोकळी ठेवा. पहिलीतली मुलगी दुसरीतही चित्र काढणारच आहे.