चौकटीतला जवान: अमेरिकी लष्कराच्या चित्रकथांची हकिकत

जून १९५१ मध्ये अमेरिकी लष्कराने ‘पी.एस.’ नावाचे एक लहान आकाराचे मासिक सुरू केले. वाहने, शस्त्रे आणि यंत्रे यांची निगा एवढाच त्याचा विषय होता आणि तो मांडण्याचे मुख्य साधन चित्रकथा हे होते. मासिकाचा छापील अंक २०१७ पर्यंत, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ, निघत राहिला. सरकारी चित्रकथा म्हटली की एखाद्या मोहिमेपुरते छापलेले पत्रक डोळ्यांपुढे येते. मोहीम संपली की पत्रक रद्दीत जाते. ‘पी.एस.’ मात्र दर महिन्याला त्याच वाचकापुढे जात असे, त्याची पत्रे घेत असे, त्याच्या अडचणींना उत्तरे देत असे. चित्रांतून सरकार माणसाला काय शिकवू शकते आणि कुठे त्याची शिकवण अपुरी पडते, हे या मासिकात आणि त्याच्या आगेमागे निघालेल्या साहित्यात फार स्वच्छ दिसते.

याची मुळे दुसऱ्या महायुद्धात आहेत. अमेरिकेने त्या युद्धात सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. मालवाहू ट्रक वेगळेच. त्या चालवण्यासाठी लष्करात भरती झालेली तरुण पोरे शेतावरून, दुकानांतून आणि थेट शाळेतून आलेली होती. गाडीत तेल किती आहे, रेडिएटरमध्ये पाणी आहे का, टायरमधली हवा उतरली आहे का, हे रोज पाहायचे असते, याची सवय त्यांतल्या फार थोड्यांना होती. लष्कराकडे प्रत्येक यंत्राची जाडजूड तांत्रिक पुस्तिका होती. ती नियमानुसार परिपूर्ण होती आणि पेटीत बंद होती. बिघाड झाल्यावर दुरुस्ती करायला कारखाने होते. बिघाड होऊच नये म्हणून रोज दहा मिनिटे खर्च करायला जवानाला राजी कसे करायचे, हा खरा प्रश्न होता.

विल आयझनर १९४२ मध्ये लष्करात दाखल झाले, तेव्हा ते पंचविशीत होते आणि नाव कमावून आले होते. ब्रुकलिनमध्ये १९१७ साली जन्मलेल्या या चित्रकाराची ‘द स्पिरिट’ ही मालिका जून १९४० पासून रविवारच्या वर्तमानपत्रांबरोबर पुरवणी म्हणून घरोघरी जात होती. मेरिलँडमधल्या अ‍ॅबर्डीन येथील शस्त्रास्त्रांच्या तळावर त्यांची नेमणूक झाली. तिथल्या छावणीच्या वर्तमानपत्रासाठी ते चित्रे काढू लागले आणि पुढे ‘आर्मी मोटर्स’ या वाहन-देखभालीच्या पत्रकाशी त्यांचा संबंध आला. साध्या सायक्लोस्टाइल कागदांपासून सुरू झालेले हे पत्रक आयझनर यांच्या हाती आल्यावर बदलले. मेकॅनिकांच्या पत्रांना उत्तरे देणारा सार्जंट हाफमास्ट मॅकॅनिक त्यात होता. कॉनी रॉड नावाची देखणी, हजरजबाबी आणि यंत्रातले सगळे कळणारी तरुणी त्यात आली. आणि जो डोप आला.

जो डोप हा या सगळ्या हकिकतीतला सर्वांत मोलाचा माणूस. हा जवान मनाने चांगला, कामात आळशी. तो तेल बघत नाही, नट घट्ट करत नाही, गाडीवर पेलणार नाही इतके ओझे लादतो आणि मग अगदी नको त्या जागी अडकतो. वरिष्ठांच्या आदेशात जवान चूक करतो तेव्हा तो गुन्हेगार असतो; जो डोप चूक करतो तेव्हा तो बराकीतला शेजारी असतो. वाचणारा त्याला हसतो, आणि हसता हसता कालच आपणही हेच केले होते हे त्याच्या ध्यानात येते. अपमान न करता चूक दाखवण्याची ही हातोटी लष्करासारख्या संस्थेत सहज येत नाही. ती एका धंदेवाईक चित्रकाराने आणली.

विरोध अर्थातच झाला. लष्करातील प्रकाशनांचा कारभार अ‍ॅडज्युटंट जनरलच्या कचेरीकडे होता आणि गणवेशातील माणसाला चित्रकथेतून शिकवणे तिथे कमीपणाचे वाटत होते. आयझनर यांनी पुढे मुलाखतींमध्ये सांगितलेल्या हकिकतीनुसार, वाद मिटवण्यासाठी शिकागो विद्यापीठाकडून चाचणी करून घेण्यात आली. एकच मजकूर अधिकृत पुस्तिकेच्या भाषेत आणि चित्रकथेच्या रूपात वाचायला दिला गेला आणि चित्रकथेने बाजी मारली. त्यानंतर त्यांना मोकळीक मिळाली आणि ते वॉशिंग्टनमधून काम करू लागले.

युद्धकाळात हा प्रयोग एकटा नव्हता. पुढे ‘डॉ. सूस’ म्हणून जगभर गाजलेले थिओडोर गाइझेल यांनी १९४३ मध्ये मलेरियाचा डास ‘अ‍ॅन’ नावाच्या रक्तपिपासू बाईच्या रूपात रंगवून जवानांना मच्छरदाणीचे महत्त्व पटवले. मजकूर मन्रो लीफ यांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी मिल्टन कॅनिफ या नामांकित चित्रकाराने चीनविषयीच्या खिशातल्या मार्गदर्शिकेसाठी चिनी आणि जपानी माणसांत फरक कसा ओळखावा हे चित्रांतून ‘शिकवले’. चेहरेपट्टी, दात, चाल यांवरून शत्रू ओळखण्याचा तो पाठ निखळ वंशद्वेष होता. तोच कागद, तीच शाई आणि तितकाच कसलेला हात. माध्यमाच्या परिणामकारकतेचे कौतुक करताना हे पान विसरता येत नाही.

युद्ध संपल्यावर आयझनर यांनी ‘अमेरिकन व्हिज्युअल्स’ ही कंपनी काढली. कोरियाचे युद्ध पेटले, जुनी वाहने पुन्हा बाहेर निघाली आणि लष्कराला पुन्हा तोच प्रश्न पडला. ‘पी.एस.’ निघाले ते या वेळी. नावाचा अर्थ ताजा कलम: अधिकृत पुस्तिका तशाच राहतील, हे मासिक त्यांना जोडलेली पुरवणी असेल. मजकुराची तांत्रिक जबाबदारी लष्कराच्या संपादकीय विभागाकडे आणि चित्रांची आयझनर यांच्या कंपनीकडे, अशी वाटणी होती. मधली आठ पाने चार रंगांत छापलेल्या चित्रकथेची. बाकीच्या पानांवर लेख, आकृत्या, सुट्या भागांचे क्रमांक आणि वाचकांच्या प्रश्नांना हाफमास्टची उत्तरे. पत्र लिहिणारा शिपाईगडी असो की अधिकारी, उत्तर सारख्याच मोकळ्या भाषेत मिळे.

या पानांची बांधणी अभ्यासण्याजोगी आहे. अधिकृत पुस्तिकेतील आकृतीत यंत्र एकटे असते. कागदावर तरंगणारे, बाजूने पाहिलेले आणि अंकांच्या बाणांनी वेढलेले. आयझनर ते यंत्र जवानाच्या डोळ्यांतून दाखवत. गाडीखाली उताणा पडलेल्या माणसाला जे आणि जसे दिसेल तसे, त्याच्या हातांसकट. पाना कुठे बसतो, कुठल्या दिशेला फिरवायचा, बोट कुठे अडकण्याची भीती आहे, हे पाहताक्षणी कळते. वाक्येही बराकीतली, अगदी तोंडी बोलली जाणारी. ‘कॉमिक्स अँड सिक्वेन्शियल आर्ट’ या १९८५ च्या ग्रंथात आयझनर यांनी शिकवणाऱ्या चित्रकथांचे दोन प्रकार वेगळे केले: एक काम कसे करायचे ते सांगणारी आणि दुसरी कामाकडे पाहण्याची वृत्ती घडवणारी. ‘पी.एस.’मध्ये हे दोन्ही धागे पानोपानी एकमेकांत विणलेले आहेत.

मासिक सुरू होऊन तीन वर्षे होत नाहीत तोच, एप्रिल १९५४ मध्ये, सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात का याची सुनावणी घेतली. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्सवर कठोर आरोप केले, प्रकाशकांची उलटतपासणी झाली आणि त्याच वर्षी धंद्याने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. कित्येक चित्रकारांचे काम गेले. शासनाचा एक हात कॉमिक्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत होता आणि दुसरा दर महिन्याला रणगाड्याचे पट्टे कसे ताणायचे ते कॉमिक्समधूनच शिकवत होता. सुनावणीत ठाम बोलणाऱ्यांनी लष्कराच्या अनुभवाकडे गंभीरपणे पाहिले असते, तर माध्यम आणि मजकूर यांतला भेद तेव्हाच उलगडला असता.

जो डोपची कारकीर्द मात्र १९५०च्या दशकातच संपवण्यात आली. अमेरिकी जवान मूर्ख दाखवणे वरिष्ठांना रुचले नाही. लष्कराची प्रतिमा जपण्याच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा असेल. शिक्षणाच्या दृष्टीने तो तोट्याचा होता. चुकणारा माणूस गेला आणि पानांवर समजावणाऱ्यांचे राज्य आले. कॉनी रॉड टिकली, आणि कालांतराने तिच्यावरही टीका झाली. यंत्राच्या लेखाकडे नजर वळावी म्हणून स्त्रीचे शरीर वापरण्याच्या पद्धतीवर आक्षेप आले. तिचे कपडे वाढले, तिच्या जोडीला बॉनी ही कृष्णवर्णीय सहकारी आली.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध पुस्तिका मासिकाबाहेर, जून १९६८ मध्ये निघाली. ‘एम-१६ ए-१’ रायफलीच्या वापराची आणि देखभालीची बत्तीस पानांची ही रंगीत, खिशात मावणारी पुस्तिका आयझनर यांच्या हातची. तिच्यामागचा इतिहास रक्ताळलेला आहे.

ही हलकी रायफल व्हिएतनाममध्ये मोठ्या संख्येने आली ती १९६५-६६ मध्ये. गोळी सुटल्यावर निर्माण होणारा वायू बारीक नळीतून मागे आणून तिची यंत्रणा चालते, त्यामुळे जळलेल्या दारूची काजळी थेट आतल्या भागांत बसते. मूळ रचना ज्या दारूवर तपासली होती ती बदलून लष्कराने काडतुसांत दुसऱ्या जातीची, गोलदाणी दारू भरली. तिने गोळीबाराचा वेग वाढला आणि कचराही वाढला. चेंबरला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता. दमट हवेत तिथे गंज धरू लागला आणि उडालेल्या काडतुसाची पुंगळी आत अडकू लागली. अडकलेली पुंगळी काढायची तर नळीच्या तोंडातून सळई घालून मागे ठोकायची, तेही शत्रू समोर असताना. सळया आणि सफाईचे साहित्य पुरेसे पोचलेच नव्हते. या रायफलीला सफाई फारशी लागत नाही असा समजही पसरलेला होता. १९६७ च्या वसंतात खेसान्हजवळच्या टेकड्यांवरील लढाईनंतर मरीन जवानांची पत्रे घरी आणि तिथून काँग्रेसमध्ये पोचली. वरिष्ठांनी आधी जवानांच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवले. रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने ऑक्टोबर १९६७ च्या अहवालात दारूगोळ्यातील दोष माहीत असून उपाय न करणे गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवरचे आहे, असे ठरवले.

आयझनर यांची पुस्तिका आली ती यानंतर. रायफल तिच्यात स्त्रीच्या रूपकातून समोर येते. तिला उलगडणे, साफ करणे, तिचे रुसवे काढणे, अशा द्व्यर्थी शीर्षकांखाली मजकूर मांडला आहे. विशीतल्या जवानाची नजर गृहीत धरून लिहिलेली ही भाषा आज वाचवत नाही, आणि तेव्हाही लष्करात परिचारिका आणि इतर स्त्रिया होत्याच. पण शिकवण्याचे काम पुस्तिका चोख करते. खिळी दाबून रायफल दुमडायची, बोल्टचा कॅरिअर बाहेर ओढायचा, आधी फायरिंग पिन अडकवणारी खिळी, मग फायरिंग पिन, मग कॅम पिन आणि शेवटी बोल्ट. क्रम चुकू नये अशा रीतीने चित्रे एकामागून एक येतात. नळीचा ब्रश वेगळा आणि चेंबरचा वेगळा. तेल कुठे सढळ हाताने आणि कुठे नुसते बोट लावण्यापुरते. नळीत पाणी गेले तर काय करायचे, याचीही सूचना आहे: नळी इतकी बारीक की पाणी आपोआप निथळत नाही, म्हणून तोंड खाली धरून बोल्ट किंचित मागे ओढायचा, म्हणजे हवा शिरते आणि पाणी गळून जाते. पावसाळी जंगलात चालणाऱ्या जवानाला या एका चौकटीचा उपयोग जाड पुस्तिकेच्या प्रकरणाहून जास्त होता.

जे पुस्तिकेत नाही तेही महत्त्वाचे आहे. दारू का बदलली, मुलामा का दिला नाही, साहित्य का पोचले नाही, याचा उल्लेख कुठेही येत नाही. पुस्तिका निघेपर्यंत चेंबरला क्रोमचा मुलामा मिळू लागला होता, बफर सुधारला होता, सफाईचे साहित्य येऊ लागले होते. रायफल सावरली ती प्रामुख्याने या बदलांनी. चित्रांनी जे सांगितले ते खरे होते: निगा राखली नाही तर हत्यार दगा देते. पण सगळ्या चौकटी जवानाच्या हातांविषयी असल्याने दोषही नकळत त्याच हातांवर येऊन बसतो. वापरणाऱ्याला शिकवण्याच्या माध्यमात बनवणाऱ्याची आणि पुरवठा करणाऱ्याची चूक मावत नाही. सरकारी चित्रकथेची ही मर्यादा कुठल्याही चित्रकाराच्या कौशल्याने ओलांडली जात नाही, कारण पैसे देणारा आणि चुकलेला एकच असतो.

आयझनर स्वतः १९५४ मध्ये कोरियात आणि १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये जाऊन जवानांना भेटले होते. तिथे जे पाहिले ते ‘पी.एस.’मध्ये छापण्याजोगे नव्हते. तेहतीस वर्षांनी, २००० साली, ‘लास्ट डे इन व्हिएतनाम’ या पुस्तकात त्यांनी ते मांडले. शीर्षककथेतला मेजर पाहुण्याला तळ दाखवत असतो, त्याची घरी जाण्याची वेळ आलेली असते आणि त्याच दिवशी हल्ला होतो. शिस्तबद्ध अधिकाऱ्याचा थरकाप आयझनर त्याच पद्धतीने दाखवतात, जशी त्यांनी गाडीखालची यंत्रे दाखवली: समोर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांतून.

‘पी.एस.’चे कंत्राट आयझनर यांच्याकडे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राहिले. त्यांच्या चित्रशाळेत घडलेल्यांपैकी माइक प्लूग हे स्वतः मरीन दलात राहिलेले होते आणि पुढे कॉमिक्सच्या धंद्यात नावारूपाला आले. आयझनर यांच्यानंतर मर्फी अँडरसन यांनी मासिकाची चित्रे सांभाळली. २००१ पासून ते काम जो क्युबर्ट यांच्याकडे होते आणि २०१२ मधील त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांनी ते केले. संपादकीय कचेरी अ‍ॅबर्डीनहून न्यू जर्सी, केंटकी असे मुक्काम करत शेवटी अलाबामातील रेडस्टोन येथे स्थिरावली. छापील अंक थांबल्यावर मजकूर संगणकाच्या पडद्यावर गेला. आयझनर यांच्या काळातील अंक व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ‘पी.एस.’मधली जो डोपची फजिती त्यांत पाहायला मिळते.