कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्तदान

मंडळी, रक्तदान शिबिराचा फॉर्म आपल्यापैकी अनेकांनी भरलेला असेल. त्यात एक प्रश्न असतो, सध्या कोणती औषधं चालू आहेत? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं पेन नेमकं तिथे अडतं. रात्री जेवणानंतर कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू असते. मग काही जण स्वतःच ठरवून टाकतात की आपलं रक्त आता कुणाच्या कामाचं नाही, आणि चहा घेऊन घरी जातात. काही जण 'नाही' लिहून मोकळे होतात.

आधी उत्तर सांगून टाकू. ही गोळी घेणाऱ्याला रक्त देता येतं. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत चालणाऱ्या औषधांमध्ये कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं धरलेली आहेत. ही गोळी मुख्यतः यकृतात काम करते, रक्तात तिचा अंश थोडाच असतो. तुमचे 350 मिलिलिटर रोग्याच्या चार-पाच लिटरमध्ये मिसळले की तो अंश नगण्य होतो. शिबिराच्या आदल्या रात्री गोळी चुकवायचीही गरज नाही. उलट मुरमांसाठी किंवा टक्कल थांबवण्यासाठी काही जण ज्या गोळ्या घेतात, त्यांतल्या काहींसाठी थांबावं लागतं, कारण ते रक्त गर्भवतीला दिलं गेलं तर थोड्या मात्रेनेही गर्भाला अपाय होण्याची भीती असते. म्हणजे हृदयासाठीची म्हणून जिला आपण घाबरतो ती चालते, आणि केसांची चालत नाही!

आता आमच्या विषयाकडे थोडं वळू द्या. न्यायशास्त्रात धूर पाहून अग्नीचं अनुमान करतात, कारण अग्नीशिवाय धूर असत नाही. गोळीचं तसं नाही. ती हृदयविकार असलेल्याकडे असते आणि नसलेल्याकडेही असते. अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून शिबिरातला डॉक्टर गोळीपाशी थांबत नाही, ती कशासाठी सुरू झाली ते विचारतो. समजा दोघे जण आहेत, दोघांची गोळी एकच. एकाच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, एवढंच. त्याने खुशाल रक्त द्यावं. दुसऱ्याला मागे हार्ट ॲटॅक येऊन गेलाय. त्याचं रक्त आपल्याकडच्या नियमांप्रमाणे घेत नाहीत, कायमचंच. त्याचं रक्त वाईट असतं म्हणून नव्हे. एकदम तेवढं रक्त काढल्याचा ताण त्याच्या हृदयाला सोसेल याची खात्री नसते म्हणून. ही मनाई दात्याच्या भल्याची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणखी एक गुंता आहे. बाजारात कोलेस्टेरॉलचं औषध आणि ॲस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं, आणि घेणारा तिला 'कोलेस्टेरॉलची गोळी' म्हणूनच ओळखतो. ॲस्पिरिनमुळे प्लेटलेट्सचं काम मंदावतं. ॲस्पिरिन घेतल्यावर तीन दिवस त्या रक्तातून प्लेटलेट्स काढू नयेत असं सांगितलेलं आहे. शिवाय ती कॅप्सूल बहुधा हृदयाच्या रोग्यालाच दिलेली असते, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. म्हणून औषधाचं नाव तोंडी सांगण्यापेक्षा पाकीटच खिशात न्यावं.

सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 च्या निकालात पैसे घेऊन रक्त देण्याचा धंदा दोन वर्षांत बंद करायला सांगितलं. त्यामागचा एक विचार साधा होता. ज्याला पैसे हवेत तो आजार लपवतो. ज्याला काहीच नको, त्याला लपवायचं कारण नाही. पण आपल्याकडे फुकट देणारासुद्धा लपवतो! मंडळाचं नाव, साहेबांचा वाढदिवस, शंभर बाटल्यांचा संकल्प, आणि माघारी फिरलो तर लोक काय म्हणतील. आमच्या मते ही लाज पैशाइतकीच घातक आहे.

दान केलेल्या रक्ताची पाच तपासण्या सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि हिवताप. यांतल्या एकीतही तुमचं ॲस्पिरिन दिसत नाही, की जुना ॲटॅक दिसत नाही. तो फॉर्मवरच लिहावा लागतो.

इगतपुरीला हे जास्त लागू आहे. खाली कसारा घाट, समोर महामार्ग, आणि मोठ्या इस्पितळांचं नाशिक पंचेचाळीसेक किलोमीटरवर. इथे रक्ताची गरज पडते ती बहुधा अचानक. म्हणून पन्नाशीतला धडधाकट माणूस एका गोळीपायी घरी बसणं परवडणारं नाही. नियमात 65 पर्यंत रक्त देता येतं. पहिल्यांदाच देणार असाल तर साठीच्या आत. आम्ही त्या हद्दीच्या केव्हाच पलीकडे गेलो.

राहता राहिली खाण्याची गोष्ट. उपाशीपोटी जाऊ नका, पण तर्रीवाली मिसळ हाणूनही जाऊ नका. फार तेलकट खाल्लं की रक्तातला द्रव दुधासारखा गढूळ होतो आणि तो टाकून द्यावा लागू शकतो. आणि रक्त दिल्याने कोलेस्टेरॉल उतरतं, या समजुतीवर गोळी मात्र बंद करू नका. आता तुमचे प्रश्न घेऊ.