रिची स्ट्रीटला जाण्याआधी

मे महिन्यातल्या चेन्नईत दुपारी गेम खेळायला बसणाऱ्या मुलांची तक्रार ठरलेली असते. पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम लोण्यासारखा चालतो, मग अडखळू लागतो. माझ्या भाच्याचंही तेच झालं. वेलचेरीत दोन मित्रांबरोबर खोली घेऊन तो शिकतो. संगणकात सहा जीबीचं जीटीएक्स १०६० कार्ड आहे. हे मॉडेल २०१६ सालचं, आणि त्यानेही ते दुसऱ्याकडून घेतलेलं. त्याचा फोन आला, "मामा, कार्ड म्हातारं झालंय. शनिवारी माझ्याबरोबर रिची स्ट्रीटला येतोस का?" मी म्हटलं, येतो, पण सकाळी आधी तुझ्या खोलीवर येतो.

रिची स्ट्रीट म्हणजे चेन्नईचा लॅमिंग्टन रोड. माउंट रोडला लागून, चिंताद्रिपेटच्या बाजूला, नरसिंगपुरम स्ट्रीट आणि मीरान साहिब स्ट्रीट यांच्यासह पसरलेला हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. तिथे भाव करता येतो, जुनं-नवं सगळं मिळतं. मात्र आपल्याला नेमकं काय कमी पडतंय, हे घरूनच ठरवून जावं लागतं. भाच्याने काही ठरवलं होतं खरं, पण त्यातलं बरंचसं ऐकीव होतं. तसंच ऐकून हजारो मुलं आई-वडिलांचे किंवा पहिल्या पगाराचे पैसे खर्च करतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘गेम अडखळतो, म्हणजे कार्ड जुनं झालं’

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. कार्ड जुनं झालं म्हणून त्याचा वेग दरवर्षी आपोआप घटत नाही. २०१६ साली ते जेवढी गणितं करत होतं तेवढीच आजही करतं. गेम जड झाले, हे खरं. पण भाच्याचा कालपर्यंत नीट चालणारा तोच गेम आज अडखळत होता, म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं.

कार्डाचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा कार्डावरून फिरवतो. त्यामुळे खोली जितकी तापते, जवळपास तितकंच कार्डही तापतं. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर स्थिरावणारं कार्ड ३६ अंशांच्या खोलीत ८० च्या पुढे जातं. जीटीएक्स १०६० ला ८३ अंशांची मर्यादा आखून दिलेली आहे. तापमान तिथे टेकलं की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतं. इथे मे महिन्यात ‘कत्तिरी वेयिल’ म्हणजे कात्रीसारखं कापणारं ऊन पडतं. ३१ मे २००३ रोजी चेन्नईत ४५ अंशांची नोंद झाली होती. अशा दिवसांत बंद खोलीत, भिंतीला टेकवलेल्या कॅबिनेटमधल्या कार्डाने काय करावं?

तापमान आणि क्लॉक दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून आम्ही गेम सुरू केला. बारा मिनिटांत तापमान ८३ वर गेलं आणि १८०० मेगाहर्ट्झच्या वर असलेलं क्लॉक खाली घसरत गेलं. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची गादी बसलेली. चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. कार्ड बदलणं हे इथे म्हशीच्या आजाराला पखालीला औषध देण्यासारखं झालं असतं.

याच्याच जोडीला आणखी एक तपासणी करावी. गेममध्ये रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून पाहा. फ्रेम रेट चांगला वाढला, तर अडथळा कार्डाचा. तो जागचा हललाच नाही, तर कार्ड मोकळं बसलेलं आहे आणि प्रोसेसर किंवा रॅम मागे पडते आहे. मग कितीही महागडं कार्ड आणलं तरी फरक दिसणार नाही. स्वस्तात जुळवलेल्या कित्येक संगणकांत आठ जीबी रॅमची एकच स्टिक असते. शेजारी तशीच दुसरी बसवली की दोन मार्गांनी माहिती वाहू लागते आणि काही गेममधले झटके तेवढ्यानेच थांबतात. नव्या बऱ्याच गेमना सोळा जीबी रॅम लागतेच, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

‘नंबर मोठा, म्हणजे कार्ड वेगवान’

नावातले पहिले आकडे पिढी सांगतात, शेवटचे दोन त्या पिढीतली पायरी. पण यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. जून २०२२ मध्ये आलेलं जीटीएक्स १६३० हे एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या जीटीएक्स १६५० पेक्षा बरंच मंद आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने आठ जीबीचं आणि सहा जीबीचं अशी दोन कार्डं विकली गेली. वाटतं की फरक फक्त मेमरीचा असेल. प्रत्यक्षात आठ जीबीवाल्यात २५६० कोअर, सहा जीबीवाल्यात २३०४, आणि मेमरीचा रस्ताही अरुंद. खोक्यावरचं नाव तेच, आतला ऐवज वेगळा.

एका पिढीची उडी अनेकदा वाटते त्याहून लहान असते. आरटीएक्स ३०६० वरून ४०६० वर गेलेल्या माणसाला साधारण १५ ते २० टक्के जास्त फ्रेम मिळतात. म्हणजे ५० च्या जागी ६०. एवढ्यासाठी पूर्ण कार्डाची किंमत मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उडी निदान दोन पिढ्यांची असावी. जीटीएक्स १०६० वरून ४०६० वर जाणाऱ्याचा वेग दुपटीहून जास्त होतो, आणि असा फरक कुणी न सांगताही डोळ्यांना कळतो.

‘जास्त जीबी, म्हणजे चांगलं कार्ड’

चार जीबीचं जीटी ७३० दोन जीबीच्या जीटीएक्स १०५० च्या जवळपासही पोचत नाही. मेमरी हे गोदाम आहे. गोदाम मोठं असून कामगार चारच असतील, तर माल वेगाने बाहेर पडत नाही. मात्र याच्या उलटंही घडतं. कामगार भरपूर, पण गोदाम भरून गेलं की कार्डाला संगणकाच्या रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि गेम हिसके देतो. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग पीसीवर आला तेव्हा आठ जीबीच्या कार्डांना हा त्रास ठळकपणे झाला. १२ जीबीचं ३०६० एरवी ४०६० च्या मागे असतं, पण अशा ठिकाणी ते पुढे जाऊ शकतं. फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याने आठ जीबीची चिंता करू नये. मोठ्या, चित्रमय जगाचे नवे गेम उच्च सेटिंगवर खेळायचे असतील, तर मात्र आठ जीबीचं नवं कार्ड घेताना दोनदा विचार करावा.

‘नवं कार्ड चौपट फ्रेम देतं’

जानेवारी २०२५ पासून आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेच्या जाहिरातींत असे मोठमोठे आकडे दिसतात. त्यातल्या बऱ्याच फ्रेम गेमने बनवलेल्या नसतात. दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या फ्रेम कार्ड अंदाजाने रंगवतं. हालचाल त्यामुळे गुळगुळीत दिसते, हे मान्य. पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. मुळात ३० फ्रेम असतील, तर पडद्यावर १२० दिसले तरी हाताला गेम जडच लागतो. तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असतानाचा आकडा पाहावा.

आणि मॉनिटर? भाच्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. कार्डाने १५० बनवली तर हाताला जराशी चपळाई जाणवेल, पण डोळ्यांना ६० च मिळतील. अशा माणसाचे पैसे आधी १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर खर्च व्हावेत. व्हॅलोरंटच्या अधिकृत यादीत १४४ फ्रेमसाठी सुचवलेलं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय होतं. ते भाच्याच्या कार्डापेक्षाही खालच्या पायरीचं आहे.

‘जीटीए ६ येतोय, आताच घेऊन ठेवू’

रॉकस्टारने या गेमची घोषणा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी केली, पीसीचं नाव त्यात नव्हतं. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ लाही वर्षभराचं अंतर पडलं. जो गेम पुढे कधीतरी येईल त्यासाठी आज कार्ड घेतलं, तर तोवर वॉरंटीचा बराच काळ संपतो आणि त्याच पैशांत मिळणारं पुढच्या पिढीचं कार्ड हातचं जातं.

विजेबद्दल थोडं. नवं कार्ड जास्तच वीज खातं असं नाही. १०६० ला १२० वॉट लागतात, ४०६० ला ११५. पण कुणी जुनं म्हणून स्वस्तात मिळालेलं आरटीएक्स ३०८० आणलं तर ते ३२० वॉटपर्यंत जातं. रोज तीन तास खेळलं तर १०६० च्या तुलनेत साठ दिवसांत ३६ युनिट जास्त, आणि तामिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांनीच येतं. हे सगळे वॉट शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरतात. एसीला तीही बाहेर काढावी लागते. एसएमपीएस त्या ताकदीचा आहे का, हे लोक पाहतात, यूपीएसकडे मात्र कुणी बघत नाही. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. वीज गेली आणि गेम चालू असला, तर मोठ्या कार्डासह तो तिथल्या तिथे बंद पडतो.

सेकंड हँड कार्ड ‘मायनिंगचं’ असलं की ते निकामी, हेही सरसकट खरं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि अशी कार्डं बाजारात आली. बरीचशी कमी व्होल्टेजवर, एकसारख्या भारावर चाललेली होती. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड. समुद्राजवळच्या घरातलं कार्ड असेल, तर मी पोर्टभोवतीची पट्टी आणि स्क्रू आधी पाहतो. तिथे गंज दिसला की खारी हवा आतही पोचलेली असते. अर्धा तास गेम चालवून दाखवायला नकार देणाऱ्याकडून कार्ड घेऊ नये. अमेरिकेतल्या मावसभावाकडून मागवणाऱ्यांनी वॉरंटी भारतात चालते का, हे आधी विचारावं. अनेक ब्रँडांची ती त्या-त्या देशापुरतीच असते.

मग कार्ड बदलायची वेळ येते तरी कधी? काही दारं आता खरोखर बंद होऊ लागली आहेत. डिसेंबर २०२४ मधला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम: द डार्क एजेस’ यांना रे ट्रेसिंगची सोय असलेलंच कार्ड लागतं, आणि १०६० मध्ये ती नाही. एन्व्हिडियाने १० मालिकेसाठी नव्या गेमचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले. त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. आपल्याला खेळायचा गेम या दाराच्या पलीकडे असेल, तर साफसफाईने काही होणार नाही. तेव्हा कार्ड घ्यावं, आणि मनात हळहळ न ठेवता घ्यावं.

भाच्याने आपल्या गेमची यादी केली. रोजचे तीन गेम, तिन्ही १०६० वर निवांत चालणारे. चौथा इंडियाना जोन्स. शनिवारी आम्ही रिची स्ट्रीटला गेलोच. थर्मल पेस्टची एक ट्यूब आणि कॅबिनेटसाठी दोन पंखे घेतले. रात्री पात्यांमधली धूळ ब्रशने काढली, पेस्ट बदलली, कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. पुन्हा तोच गेम लावला. तासाभराने आकडा ७४ वर होता. "मामा, इंडियाना जोन्सचं दिवाळीत बघू," असं म्हणून त्याने हेडफोन चढवला.