रात्री नऊला नेट का रांगतं? बँडविड्थ वाटपाचं साधं गणित

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या एका छोट्या इंटरनेट सेवेचं नेटवर्क मी सांभाळतो. रात्री नऊच्या सुमारास फोन ठरलेला : "दादा, पन्नासचा प्लॅन घेतलाय, तरी व्हिडिओ कॉल अडकतोय." मागे एका मुलीचा नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू असाच मध्येच तुटला. लाइन चालू होती, स्पीड टेस्टही बरी येत होती. चूक माझ्या सेटिंगमध्ये होती. ती समजायला आधी वाटप कसं चालतं ते बघू.

एक लाइन, चारशे घरं

समजा एका भागात ४०० ग्राहक आहेत आणि प्रत्येकाला ५० एमबीपीएसचा प्लॅन दिलाय. बेरीज होते २० जीबीपीएस. पण मागून घेतलेली लाइन असते १ जीबीपीएस. ही फसवणूक नाही, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण स्पीड ओढत नाहीत. ट्रायनेही २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी १:५० पर्यंतचं प्रमाण चालेल असं सांगितलं होतं. इथे ते १:२० आहे. मात्र सगळे खरंच एकदम आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त २.५ एमबीपीएस येतात. म्हणून वाटपाचा नियम लागतो. यालाच ट्रॅफिक शेपिंग म्हणतात.

कोयनेचे दरवाजे आठवा

पावसाळ्यात कोयनेच्या पाणलोटात पाऊस धो धो, एका दमात येतो. धरण तो साठवतं आणि दरवाजांतून मोजून सोडतं. खाली सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढणार, हे त्या विसर्गावरही ठरतं. शेपिंग हेच करतं : एकदम आलेला डेटा रांगेत थांबवतं आणि ठरलेल्या वेगाने सोडतं. याउलट जादा पॅकेट थेट फेकून देणं म्हणजे पोलिसिंग.

एक फरक आहे. पावसाला 'हळू ये' म्हणता येत नाही, टीसीपीला येतं. पॅकेट हरवलं की पाठवणारा सर्व्हर आपोआप वेग कमी करतो. म्हणून वेळेवर थोडी पॅकेट टाकून देणं फायद्याचंच असतं.

किमान हक्क आणि उसनवारी

मायक्रोटिक किंवा लिनक्सवरच्या राउटरमध्ये एचटीबी नावाची पद्धत असते. तिच्यात प्रत्येक ग्राहकाला दोन आकडे देतात : किमान आणि कमाल. मी किमान २ आणि कमाल ५० ठेवतो. २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस लागतातच. ४०० गुणिले २ म्हणजे ८०० एमबीपीएस, लाइनमध्ये आरामात बसतात. उरलेलं ज्याला गरज असेल तो उसनं घेतो. शेजारी झोपला की त्याचा वाटा वाया जात नाही.

माझं कुठे चुकलं?

तीन ठिकाणी. पहिलं, एकूण मर्यादा मी बरोबर १००० ठेवली होती. त्यामुळे रांग माझ्या राउटरवर न लागता पुढच्या कंपनीच्या यंत्रात लागायची आणि तिथे माझे नियम चालत नाहीत. आता ९५० ठेवतो.

दुसरं, वाटप ग्राहकागणिक नव्हतं, कनेक्शनगणिक होतं. डाउनलोड मॅनेजरने तीस कनेक्शन उघडली की एकाच घराला तीस वाटे!

तिसरं, रांग फार लांब होती. १० एमबीपीएसच्या वाटेवर सव्वा मेगाबाइट डेटा रांगेत असेल, तर नवं पॅकेट पूर्ण एक सेकंद थांबतं. याला बफरब्लोट म्हणतात. त्या मुलीच्या कॉलची छोटी पॅकेट दुसऱ्यांच्या डाउनलोडमागे अडकली. स्पीड टेस्टने डेटा किती येतो ते दाखवलं, किती थांबतो ते नाही. यावर उपाय म्हणजे एफक्यू-कोडेल : ते प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतं आणि जास्त रेंगाळलेली पॅकेट टाकून देतं.

मग कोणाला आधी सोडायचं?

डीएनएस, व्हॉइस कॉल अशी छोटी, घाईची पॅकेट आधी सोडता येतात. पण पैसे घेऊन एखाद्या ॲपला पुढे किंवा दुसऱ्याला मागे ठेवता येत नाही. २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे नियम परवान्यातच आले. गर्दीत सगळ्यांना सारखा लागू होणारा, वाजवी बंदोबस्त मात्र चालतो.

तुम्ही घरी काय कराल?

- नेट मोकळं असताना पिंग बघा, मग मोठं डाउनलोड लावून पुन्हा बघा. १५ चा आकडा ३०० वर गेला तर दुखणं रांगेचं आहे. मोठा प्लॅन घेऊन ते जाईलच असं नाही.
- राउटरमध्ये एसक्यूएम असेल तर ते चालू करा आणि मर्यादा तुम्हाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्के ठेवा. अपलोडलाही लावा. फोटोंचा बॅकअप बहुतेक वेळा तिथेच गळा धरतो.
- सेवा देणाऱ्याला तक्रार सांगताना स्पीडबरोबर वेळ आणि पिंगही सांगा. आम्हाला दोष शोधायला त्याने खरंच मदत होते.

आमची लाइन अजून १ जीबीपीएसच आहे. त्या मुलीच्या पुढच्या इंटरव्ह्यूला मी स्वतः पिंग लावून बसलो होतो. कॉल पाऊण तास चालला, एकदाही अडकला नाही.