घरट्याबाहेरचे कर्तव्य

कॅलिफोर्नियातील बिग बेअर सरोवराजवळ एका पाइन वृक्षावर बसविलेला कॅमेरा पांढऱ्या डोक्याच्या गरुडांचा संसार जगाला थेट दाखवीत असतो. २०२४ च्या वसंतात या जोडीच्या तीनही अंड्यांतून पिले निघाली नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये तीन पिले जन्मली. त्याच महिन्यात हिमवादळात त्यांतील एक दगावले आणि हजारो प्रेक्षक हळहळले.

अशा वेळी ‘पिलांना वाचवा’ ही हाक उठते. ती स्वाभाविक असली, तरी मान्य करण्याजोगी नाही. माणूस घरट्याशी पोहोचला, तर पालक पक्षी बिथरून दूर जाण्याचा आणि पिले उघडी पडण्याचा धोका असतो.

मग माणसाने केवळ पाहत राहावे काय? मुळीच नव्हे. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांत या गरुडांच्या अवघ्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. डीडीटीचे विष माशांवाटे त्यांच्या शरीरात साचे, अंड्यांची कवचे पातळ होत आणि अंडी उबविता उबविताच फुटत. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, कायद्याचे संरक्षण लाभले आणि २००७ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून या गरुडाचे नाव वगळले गेले.

हिमवादळ हा निसर्गाचा व्यवहार होय. विष ही माणसाची करणी होती. घरट्यात हात घालण्याचा मोह आवरावा आणि घरट्याबाहेरची आपली करणी सुधारावी, यातच प्रेक्षकांच्या अश्रूंचे सार्थक आहे.