फ्लॅशला छत्री लावताना

कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश सरळ चेहऱ्यावर मारला की कपाळ चमकते आणि मागच्या भिंतीवर काळी सावली उमटते. याचे कारण फ्लॅशची ताकद नव्हे, त्याची एवढीशी काच. प्रकाश लहान जागेतून आला की सावलीची कड कठोर दिसते, मोठ्या जागेतून आला की मऊ. छत्री तोच प्रकाश मीटरभर रुंदीच्या कापडावर पसरवते.

सामान फार लागत नाही. ताकद हाताने कमी-जास्त करता येईल असा, म्हणजे मॅन्युअल मोड असलेला फ्लॅश, एक लाइट स्टँड, फ्लॅश आणि छत्री एकत्र धरणारा ब्रॅकेट, आणि कॅमेऱ्यापासून दूरचा फ्लॅश पेटवणारा ट्रिगर. छत्री ४० इंचांच्या आसपासची, पांढऱ्या अर्धपारदर्शक कापडाची घ्यावी. तिच्यातून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे तिचा फुगीर भाग माणसाकडे आणि पोकळ भाग फ्लॅशकडे ठेवायचा.

आता जोडणी. ब्रॅकेट स्टँडवर घट्ट करून त्यावर फ्लॅश बसवावा आणि छत्रीची दांडी ब्रॅकेटच्या भोकात घालावी. हे भोक बहुधा किंचित तिरके असते. दांडी उलट बाजूने घातली, तर झोत छत्रीच्या मध्यावर न पडता कडेला जातो.

फ्लॅशच्या डोक्याला झूम असतो, म्हणजे झोत रुंद किंवा अरुंद करण्याची सोय. तो २४ किंवा २८ वर आणावा. इथे बरेच जण चुकतात. झूम १०५ वर राहिला, तर छत्रीच्या मधोमध फक्त एक गोल उजळतो आणि एवढे मोठे कापड वाया जाते. शंका असेल तर पेटलेल्या छत्रीचाच फोटो काढून बघावा.

ट्रिगरचा एक भाग कॅमेऱ्यावर आणि दुसरा फ्लॅशखाली बसतो. काही फ्लॅशमध्ये हा दुसरा भाग आतच असतो. दोन्हींचा चॅनेल एकच हवा. तरीही फ्लॅश पेटत नसेल, तर सेल तपासावेत. मग कॅमेऱ्याचे आवाज न करणारे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू नाही ना, हे पाहावे. पुष्कळ कॅमेऱ्यांत त्या शटरवर फ्लॅश चालत नाही.

कॅमेराही मॅन्युअलवर ठेवावा. शटर १/१६०, ॲपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र ५.६, आयएसओ २००. ऑटो आयएसओ आठवणीने बंद करावा. शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेले, तर बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो, कारण फ्लॅश चमकतो त्या क्षणी शटरचा पडदा पूर्ण उघडलेला नसतो.

पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून काढावा. तो जवळजवळ काळा आला, की आपले गणित बरोबर. खोली दिसत असेल, तर ट्यूबलाइटचा रंग चेहऱ्यावर मिसळणार. अशा वेळी आयएसओ कमी करावा. मिररलेस कॅमेऱ्याचा पडदाच काळा दिसत असेल, तर एक्स्पोजर प्रीव्ह्यू बंद करावा.

छत्री कॅमेऱ्याच्या एका बाजूला, साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडी उंच आणि खाली झुकलेली ठेवावी. चेहऱ्यापासून अंतर सुमारे एक मीटर. फ्लॅश १/१६ वर ठेवून सुरुवात करावी. फोटो काळपट आला तर १/८, पांढरा पडला तर १/३२. शटर बदलून फ्लॅशच्या प्रकाशात फरक पडत नाही, कारण त्याची चमक शटर उघडे असतानाच संपून जाते. शटरने खोलीतला प्रकाश तेवढा कमी-जास्त होतो.

चेहरा फार उजळला की हात आपोआप स्टँड मागे सरकवायला जातो. तसे करू नये. लांब गेलेली छत्री चेहऱ्याच्या दृष्टीने लहान होते आणि सावली पुन्हा कठोर. छत्री जवळच ठेवून फ्लॅशची ताकद उतरवावी.

डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसल्या तर छत्री खाली आणावी. चष्म्यावर ती चमकत असेल तर उंच करावी किंवा आणखी बाजूला न्यावी. दुसऱ्या गालावर फार अंधार असेल, तर त्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलची शीट धरावी. दुसरा फ्लॅश घेण्याची गरज नाही.

बाहेर काम करताना स्टँडला वाळूची पिशवी बांधावी. एका झुळकीत छत्री सगळे घेऊन आडवी होते आणि फ्लॅशचा पाय मोडतो.

एवढे जमले की एक प्रयोग करावा. छत्री एक मीटरवर ठेवून १/१६ ताकदीवर एक फोटो, मग दोन मीटरवर नेऊन १/४ वर दुसरा. अंतर दुप्पट झाले की प्रकाश साधारण चौथाई उरतो, म्हणून ताकद चौपट. दोन्ही फोटोंत उजेड जवळपास सारखा असेल. नाकाच्या सावलीची कड मात्र मोठी करून पाहावी. पुढच्या वेळी छत्री कुठे ठेवायची, हे त्यावरून ठरवता येईल.